गडावर, कड्यावर कुत्रा आणताय? पाहुण्यांनी काय पाळायचं, गावानं काय सांगायचं

पावसाळा सरला की सह्याद्रीतल्या गडांच्या आणि सुळक्यांच्या पायथ्याला शनिवार-रविवारी गाड्या लागतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा दोर लावून कडे चढणाऱ्यांचा हंगाम. जुन्नर तालुक्यात घाटघरजवळची वानरलिंगी, मावळात कुरवंड्याची नागफणी म्हणजे ड्यूक्स नोज, तिकडे तैलबैल्याच्या भिंती, लिंगाणा, अकोले-इगतपुरीच्या हद्दीवरचे अलंग-मदन-कुलंग. या सगळ्या ठिकाणी पुण्या-मुंबईची मंडळी येतात. त्यांच्यासोबत आता घरचा कुत्राही येऊ लागला आहे. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, कधी कधी तर बर्फातला हस्की.

कुत्रा आणण्यात वाईट काही नाही. आपल्याकडे भैरोबाचं वाहनच कुत्रं आहे आणि धनगराचा वाडा कुत्र्याशिवाय पुरा होत नाही. पण शहरातल्या बागेत फिरणारं कुत्रं आणि कड्याखाली, शेळ्यांच्या कळपात, पिण्याच्या टाक्याजवळ सुटलेलं कुत्रं यात फार फरक आहे. त्यातून चावाचावी होते, शेळी मरते, दोरावरच्या माणसाचा जीव धोक्यात येतो आणि शेवटी भांडण गावाच्या पदरात पडतं.

म्हणून गाइडचं काम करणारी पोरं, घरगुती जेवण-मुक्काम देणारी कुटुंबं, गुराखी आणि ग्रामपंचायत या सगळ्यांना उपयोगी पडेल अशी ही माहिती. शहरातल्या पाहुण्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच पाठवता येईल.

दोराखाली कुत्रा का नको?

कडा चढताना एक माणूस वर चढत असतो आणि दुसरा खाली उभा राहून त्याचा दोर सांभाळतो. याला बिले देणं म्हणतात. वरचा माणूस कधी सुटेल ते सांगता येत नाही. सुटला तर खालच्यानं त्याच क्षणी दोर रोखायचा असतो. त्याचे दोन्ही हात आणि पूर्ण लक्ष तिथंच लागतं. अशा वेळी कुत्र्यानं पायात घुटमळणं, अंगावर उडी मारणं किंवा दुसऱ्या कुत्र्यावर धावून जाणं म्हणजे वरच्याच्या जिवाशी खेळ.

काही जण कुत्र्याचा पट्टा आपल्याच कमरेच्या हार्नेसला अडकवतात आणि बिले देतात. हे अगदी चुकीचं आहे. माकड दिसलं की तीस किलोचं कुत्रं जो हिसका देतं, त्यानं उभा माणूस आडवा होतो.

दोराचंही तसंच. चढाईच्या दोराला बाहेरून विणलेलं वेष्टण असतं आणि आत भार घेणारे तंतू असतात. त्यावर कुत्रं चाललं की मातीचे, खड्यांचे बारीक कण आत दाबले जातात आणि पुढे ते तंतू आतून कापत राहतात. बाहेरून दोर चांगला दिसतो, आतून कमजोर होत जातो. कुत्र्यानं दोर चावला किंवा त्यावर लघवी केली तर तो दोर तपासल्याशिवाय वापरायचा नाही. साठ मीटरच्या चांगल्या दोराला दहा हजारांच्या पुढे पैसे पडतात. म्हणून दोर नेहमी ताडपत्रीवर किंवा पिशवीत ठेवायचा आणि कुत्रं त्यापासून लांब.

तिसरी गोष्ट आवाजाची. वरचा आणि खालचा एकमेकांशी ओरडून बोलतात. ‘दोर सैल सोड’, ‘घट्ट घे’, ‘दगड आला’ हे सगळं कानावरच अवलंबून असतं. मालक वर चढताना दिसला की बांधलेलं कुत्रं बेचैन होतं, भुंकतं, केकाटतं. त्या गोंगाटात ‘दगड’ ही आरोळी ऐकू आली नाही तर काय होईल ते सांगायला नको.

आणि दगड पडतातच. आपला कातळ पावसात भिजतो, उन्हात तापतो, भेगांत गवत-झुडपं वाढतात. पावसाळ्यानंतर सुटे दगड जास्त असतात. माणसाच्या डोक्यावर हेल्मेट असतं, कुत्र्याच्या नसतं. कड्याच्या अगदी बुडाशी कुत्रं बांधणं म्हणजे त्याला दगडाखाली बसवणं. उलट कुत्रं कड्याच्या माथ्यावर मोकळं असेल तर त्याच्या पायानं सुटलेला दगड खालच्या माणसांवर येतो. त्यामुळे माथ्यावर, जिथून दोर सोडलाय तिथं, कुत्रं नेऊच नये.

मग कुत्रं ठेवायचं कुठं? कड्यापासून लांब, झाडाच्या सावलीत, येण्या-जाण्याच्या वाटेवर नाही असं. ज्या झाडाला चढाईचा दोर बांधलाय त्या झाडाला कधीच नाही. जवळ पाण्याचं भांडं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे त्याच्यापाशी ओळखीचा एक माणूस पूर्ण वेळ पाहिजे. आलेल्या गटात तेवढं माणूसबळ नसेल तर कुत्रं घरी ठेवलेलं बरं. बंद गाडीत ठेवून जाणं हा पर्याय नाही. हिवाळ्यातल्या दुपारीसुद्धा काचा बंद गाडी भट्टीसारखी तापते आणि कुत्रं जिवानिशी जातं.

वर चढतं, खाली उतरत नाही

गडावर जाणाऱ्या अनेकांना एक गोष्ट ठाऊक नसते. कुत्र्याला चढणं जमतं, उतरणं जमत नाही. चढताना मागच्या पायांचा जोर आणि पुढच्या पायांची पकड दोन्ही कामी येतात. उतरताना सगळा भार पुढच्या पायांवर येतो, नखं कातळावर घसरतात आणि खालची खोली दिसली की ते जागच्या जागी बसतं. मालक मात्र वर जाताना म्हणतो, ‘बघा, कसा सरसर चढला!’

लोखंडी शिड्यांवर तर आणखी अडचण. कळसूबाईला, रतनगडाला शिड्या आहेत. शिडीच्या फटीत पाय अडकला की कुत्रं घाबरून झटके देतं आणि मागून येणारी माणसं खोळंबतात. गर्दीच्या दिवशी शिडीवर घाबरलेलं कुत्रं म्हणजे चेंगराचेंगरीला निमंत्रण.

म्हणून नियम सोपा ठेवावा. जिथं माणसाला हात टेकून चढावं लागतं तिथं कुत्र्याला थांबवायचं. अलंग, मदन, लिंगाणा, वानरलिंगी, तैलबैल्याची भिंत, ढाकच्या बहिरीची गुहा या ठिकाणी कुत्र्याचं काम नाही. हरिश्चंद्रगडाला जायचं तर पाचनईची वाट वेगळी आणि नळीची वाट वेगळी, हे पाहुण्याला गावातच स्पष्ट सांगावं.

कुत्रं अडकलंच तर घाई करू नये. गळ्याला दोर बांधून ओढायचं नाही, त्यानं फास बसतो. घाबरलेलं कुत्रं मालकालाही चावतं, त्यामुळे आधी त्याला शांत होऊ द्यावं. मालकानं हळू बोलत जवळ जावं. छातीखालून आणि मागच्या पायांपुढून असा दोन ठिकाणी आधार देऊन, चादरीची किंवा सॅकची झोळी करून उतरवावं. तोंडाला कापडी पट्टी सैलसर बांधली तर चावण्याचा धोका कमी होतो, पण त्याला धाप टाकता आली पाहिजे. कुत्र्याला घाम फक्त पंजातून येतो आणि अंगातली उष्णता ते तोंडानं धापा टाकूनच बाहेर काढतं. तोंड घट्ट आवळलं तर ऊन लागून मरतं.

ऊन हा स्वतंत्र धोकाच आहे. आपला काळा कातळ दुपारी तव्यासारखा तापतो. हाताचा पालथा पंजा कातळावर सात सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याचे पंजे भाजणार हे नक्की. चपट्या नाकाचा पग आणि दाट केसांचा हस्की यांना उन्हाचा त्रास सर्वांत आधी होतो. कुत्रं लडबडायला लागलं, लाळ दाट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या तर लगेच सावलीत घ्यायचं, पोट आणि पंजे ओले करायचे, वारा घालायचा, थोडं थोडं पाणी पाजायचं आणि खाली उतरायचं.

गावचं कुत्रं मागं लागतं तेव्हा

बाहेरून आलेल्या कुत्र्यांइतकाच हा दुसरा विषय मोठा आहे आणि त्याची चर्चा कमी होते. पायथ्याला पाहुणे बिस्किटं टाकतात. गावचं कुत्रं त्यांच्यामागं निघतं. ‘वाटाड्या मिळाला’ म्हणून सगळे खूश, फोटो निघतात. पुढं पाहुणे दुसऱ्या वाटेनं, दुसऱ्या गावात उतरतात आणि तिथून गाडीत बसून निघून जातात. कुत्रं मात्र अनोळखी गावात राहतं. तिथली कुत्री त्याला फाडतात, किंवा ते रानात भटकत राहतं. कधी अवघड टप्प्याच्या वर एकटंच अडकतं.

इकडं ज्या घराची राखण ते करत होतं, ते घर उघडं पडतं. वाड्यावरच्या शेळ्यांना रात्री भुंकून जागं करणारं कुत्रं गेलं तर बिबट्याची चाहूल कोण देणार?

पाहुण्यांनी पाळायची गोष्ट एवढीच : पायथ्याला गावच्या कुत्र्याला खायला घालायचं नाही. मागं लागलं तर पहिल्या दहा मिनिटांतच परत फिरवायचं. तरीही आलं तर ज्या गावातून आलं त्या गावातच उतरायचं, किंवा तिथल्या गाइडला फोन करून कळवायचं. गावकऱ्यांनीही आपल्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा आणि त्यावर मोबाइल नंबर लिहून ठेवला तर हरवलेलं कुत्रं परत यायची शक्यता वाढते. शनिवार-रविवार सकाळी तासभर बांधून ठेवलं तर प्रश्नच मिटतो.

शेळ्या, गाई आणि कुत्र्याची विष्ठा

शहरात वाढलेल्या कुत्र्यानं शेळी पाहिलेलीच नसते. मोकळं सोडलं की ते कळपामागं धावतं. त्याला खेळ वाटतो, शेळ्यांना मरण दिसतं. कड्याच्या कडेला चरणारा कळप उधळला तर एखादी शेळी खाली जाते. गाभण शेळी पळून पळून गाभडते. कुत्र्यानं चावा घेतला नसला तरी नुकसान झालेलंच असतं. म्हणून गुरं दिसली की पट्टा आखूड धरायचा, वाटेच्या बाजूला थांबायचं आणि कळप आधी जाऊ द्यायचा. गुराखी हाका घालतोय ते रागावून नव्हे, सावध करायला, हे पाहुण्यांना कळलं पाहिजे.

धनगरांच्या वाड्याजवळून जाताना तर जास्तच जपावं. वाड्याची कुत्री राखणीला असतात आणि परक्या कुत्र्याला जवळ येऊ देत नाहीत. लांबून आवाज द्यायचा, वाड्याचा माणूस बाहेर आला की मगच पुढं जायचं.

विष्ठेचा विषय लोकांना हसण्यावारी वाटतो, पण गुरं पाळणाऱ्याला तो महागात पडू शकतो. काही कुत्र्यांच्या विष्ठेतून निओस्पोरा नावाचा परजीवी गवतावर, पाण्यात येतो. ते गवत गाभण गाईनं खाल्लं तर ती गाभडू शकते. दुसऱ्या एका फितकृमीची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून शेळ्या-मेंढ्यांच्या आणि माणसाच्याही पोटात जातात आणि यकृतात, फुप्फुसात पाण्यानं भरलेल्या गाठी होतात. बोकड कापल्यावर कच्ची आतडी, काळीज, फुप्फुसं कुत्र्यांपुढं टाकली की ही साखळी सुरूच राहते. त्यामुळे पार्टी पाहुण्यांची असो की गावची, ही घाण पुरायची.

पाहुण्यांनी कुत्र्याची विष्ठा पिशवीत भरून खाली आणायची. पिशवी बांधून झुडपात फेकायची नाही, तशी टाकलेली पिशवी वर्षानुवर्षं तिथंच राहते. पिशवी नसेल तर वाटेपासून आणि पाण्यापासून शंभर पावलं लांब वीतभर खोल खड्डा करून पुरायची.

टाक्याचं पाणी हे पिण्याचं पाणी

गडावरची कोरीव टाकी शेकडो वर्षांची आहेत. आजही गडावर मुक्काम करणारे, देवदर्शनाला येणारे, वरती झोपडी टाकून पिठलं-भाकरी विकणारे लोक तेच पाणी पितात. बहुतेक टाक्यांत पावसाळा संपल्यावर नवं पाणी येत नाही. जे आहे ते पुढच्या जूनपर्यंत पुरवायचं असतं. वाहतं पाणी नसल्यामुळे एकदा पडलेली घाण वाहून जात नाही.

अशा टाक्यात कुत्र्याला पोहायला सोडणं म्हणजे गावाच्या हंड्यात पाय घालणं. कुत्र्याच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिससारखा आजार पसरू शकतो आणि अंगावरच्या गोचिडाची औषधं पाण्यात उतरतात ती वेगळीच. कुत्र्याला पाणी पाजायचं तर बाटलीनं काढून लांब भांड्यात द्यायचं. टाक्याच्या काठावर पट्टा सोडायचा नाही.

बिबट्या, मधमाश्या आणि कड्यावरचे पक्षी

बिबट्याला कुत्रं आवडतं हे गावाला सांगायला नको. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला होता. त्यात बिबट्याच्या पोटात गेलेल्या एकूण भक्ष्याच्या वजनात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच, म्हणजे सुमारे ३९ टक्के निघाला. म्हणून गडाच्या पायथ्याला तंबू टाकून कुत्रं बाहेर बांधून झोपणं म्हणजे बिबट्याला माणसांच्या वस्तीत बोलावणं. मुक्काम असेल तर कुत्रं आत, माणसांपाशी. अंधार पडल्यावर आणि पहाटे पट्ट्याशिवाय फिरवायचं नाही.

कड्यांवर आग्या मोहोळं लटकलेली असतात. कुत्रं झुडपात घुसलं, माश्या उठल्या, की ते पळत थेट मालकाकडंच येतं आणि माश्यांचा लोळ सोबत आणतं. दोरावर लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते. कोणत्या कड्याला मोहोळ आहे हे गावच्या माणसालाच माहीत असतं. ते पाहुण्यांना आधी सांगणं हे गाइडचं पहिलं काम.

लांब चोचीची गिधाडं आणि शाहीन ससाणा हे पक्षी कड्याच्या कपारीत घरटी करतात. गिधाडांचा विणीचा काळ आणि चढाईचा हंगाम साधारण एकच, म्हणजे हिवाळा. पक्षी वारंवार उडाले तर अंडी, पिल्लं उघडी पडतात. घरटं असलेल्या कड्याखाली ना गोंगाट हवा ना भुंकणारं कुत्रं.

रोगांचीही देवाणघेवाण होते. कुत्र्यांमधला डिस्टेंपर हा आजार रानातल्या मांसाहारी प्राण्यांनाही होतो. २०१८ मध्ये गुजरातेत गीरच्या जंगलात काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मेले. त्यातल्या काहींमध्ये हाच विषाणू सापडला होता. लस न घेतलेलं कुत्रं रानात सोडणं किती महागात पडू शकतं ते यावरून समजावं.

कायदा काय म्हणतो?

कुठल्या जागेला कोणता नियम लागतो हे त्या जागेच्या मालकीवर ठरतं.

अभयारण्य : हरिश्चंद्रगड, कळसूबाई, रतनगड हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे अभयारण्यात वन्यप्राण्यांना त्रास देणं आणि कचरा टाकणं गुन्हा आहे. प्रवेश परवानगीनं मिळतो आणि परवानगीला अटी असतात. कुत्रा आत नेता येईल का, हे वनखात्याच्या नाक्यावर आधी विचारायचं आणि ‘नाही’ म्हटलं तर हुज्जत घालायची नाही.

संरक्षित स्मारक : शिवनेरी, लोहगड, रायगड असे अनेक किल्ले केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत. तिथल्या १९५९ च्या नियमांनुसार देखभालीच्या कामाशिवाय कोणताही प्राणी स्मारकाच्या आवारात आणायला मनाई आहे. हे तिन्ही किल्ले जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांपैकी आहेत, त्यामुळे तिथं गर्दी आणि लक्ष दोन्ही वाढलं आहे.

चावा : आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर इजेचा धोका होऊ नये याची काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

उलट बाजूही लक्षात ठेवा. राग आला म्हणून कुत्र्याला विष घालणं, कुऱ्हाडीनं मारणं, पाय मोडणं हाही गुन्हा आहे. कलम ३२५ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शेळी पाहुण्याच्या कुत्र्यानं मारली तर वनखात्याची भरपाई मिळत नाही, ती बिबट्यासारख्या वन्यप्राण्यानं मारल्यावरच मिळते. इथं भरपाई कुत्र्याच्या मालकाकडून घ्यायची. मेलेल्या शेळीचे, कुत्र्याचे आणि गाडीच्या नंबराचे फोटो काढा. पोलीस पाटील किंवा सरपंचांना बोलवा. साक्षीदारांसमोर लिहून घ्या. हातघाईवर येऊ नका, त्यात हक्काची बाजूही उलटते.

चावलंच तर : पहिली पंधरा मिनिटं

रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही असंच धरून चालावं. पण वेळेत उपचार घेतले तर हा आजार हमखास टाळता येतो. म्हणून कुत्रं पाहुण्याचं असो, गावचं असो, लहान पिल्लू असो, पुढचं सगळं करायचंच.

१. जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची. गडावर असाल तर बाटल्यांतलं पाणी वापरा, पण धुवा.
२. मिरचीपूड, चुना, हळद, तेल काही लावायचं नाही. जखम घट्ट बांधायची नाही.
३. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठायचं. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते.
४. कातडीत देण्याच्या लसीचे डोस पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असतात. मध्येच सोडायचे नाहीत.
५. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर लसीसोबत जखमेत द्यायचं सिरम लागतं. डॉक्टरांना त्याबद्दल विचारायचं.
६. कुत्र्याच्या मालकाचा फोन नंबर आणि कुत्र्याच्या लसीच्या पुस्तकाचा फोटो घ्यायचा. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं, पण त्या दहा दिवसांची वाट बघत माणसाची लस थांबवायची नाही.

गाई-म्हशीला चावलं तरी जनावरांच्या दवाखान्यात लगेच कळवावं. त्यांच्यासाठीही चावल्यानंतर द्यायची लस असते.

पाहुण्याला कसं सांगायचं?

बरीच भांडणं नियमावरून होत नाहीत, बोलण्याच्या पद्धतीवरून होतात. ‘ए, कुत्रं बांध!’ म्हटलं की समोरचाही चढतो. तेच असं बोलून बघा :

‘दादा, कुत्रा छान आहे तुमचा. पण वर आमच्या शेळ्या चरतात, तेवढा पट्टा लावून घ्या.’

‘काका, तो काही करत नाही हो.’

‘तो करणार नाही, खरंय. पण शेळीला काय माहीत? ती पळाली तर सरळ दरीत जाते. मागच्या बाजूला मोहोळ पण आहे, तिकडं गेला तर त्यालाच चावतील माश्या.’

‘बरं काका, लावतो. आणि कड्याखाली बसवला तर चालेल का?’

‘कड्याखाली नको, दगड येतात. त्या उंबराखाली बसवा, सावली आहे. पाणी आमच्या घरून न्या.’

यात कारण सांगितलं, कुत्र्याचंच भलं दाखवलं आणि पर्यायही दिला. एवढ्यानं दहातले आठ जण ऐकतात. न ऐकणाऱ्यासाठी फलक आणि ग्रामपंचायतीचा ठराव कामी येतो.

पाहुण्यांसाठी यादी, पाठवून द्या

– निघण्याआधी गावात किंवा गाइडला फोन करून कुत्रा चालेल का ते विचारा.
– रेबीजची आणि डिस्टेंपर-लेप्टोची लस चालू वर्षाची हवी. पुस्तकाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.
– सहा फुटांचा मजबूत पट्टा, गळ्यात नंबर लिहिलेला बिल्ला, पाण्याचं भांडं, विष्ठेच्या पिशव्या सोबत घ्या.
– हाक मारल्यावर परत येत नसेल, माणसांवर गुरगुरत असेल, माजावर असेल तर घरीच ठेवा.
– दोर, हार्नेस, दुसऱ्यांच्या सॅका आणि जेवणापासून लांब ठेवा. दुसरा गट आधीपासून असेल तर त्यांना विचारून मगच जवळ आणा.
– देवळात, गुहेत, टाक्यात नेऊ नका.
– परत आल्यावर कानामागं, पंजांत गोचीड बघा.

गावानं काय करावं?

– ग्रामसभेत साधा ठराव घ्या : कुत्रा चालेल की नाही, कुठपर्यंत चालेल, पट्टा सक्तीचा. वनखात्याची किंवा पुरातत्त्व खात्याची जागा असेल तर त्यांना विचारून घ्या.
– गाड्या लागतात तिथं मोठ्या अक्षरात फलक लावा. त्यावर गावातल्या दोन जणांचे नंबर असू द्या.
– मुक्कामाचं बुकिंग घेतानाच ‘कुत्रा आहे का?’ हा प्रश्न विचारा. नेमून दिलेली सावलीची जागा, खुंटी आणि पाणी ठेवलं तर सांभाळायचे पैसेही मिळू शकतात. पाहुणे चढाईला गेले की त्यांचं कुत्रं बघायला माणूस लागतोच.
– गावच्या कुत्र्यांना दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्या. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो. त्या सुमारास पशुवैद्यकीय दवाखान्यात शिबिराची मागणी केली तर हंगामाआधी काम होतं.

अडचणीच्या वेळी हे क्रमांक मोबाइलमध्ये असू द्यावेत : तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ आणि वनखात्याची मदतवाहिनी १९२६. कड्यांजवळ रेंज जाते, त्यामुळे शेवटची रेंज कुठं मिळते ती जागाही गाइडनं पाहुण्यांना चढण्याआधी दाखवून ठेवावी.